जमिनीचा पैसा आणि पायलटचं लायसन: शीळफाट्याच्या पोरांनी आधी हिशेब मांडावा

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानंही उडू लागली. शीळफाट्यावरून पनवेलचा रस्ता धरला की विमानतळ काही लांब नाही. त्यात बुलेट ट्रेनच्या बोगद्याचं तोंडही इथेच. प्रकल्पात जमीन गेली, हातात मोबदला आला, आणि बारावी सायन्स झालेला पोरगा म्हणतो, पायलट होतो.

अशा घरात एक सल्ला हमखास पोचतो: लायसन काढा, दोन वर्षं फ्लाइंग इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवा, तास भरले की एअरलाइन घेतेच. हा सल्ला मुळात अमेरिकेचा. २००९ मध्ये बफेलोजवळ प्रवासी विमान पडलं, त्यानंतर २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही साधारण १,५०० तास सक्तीचे झाले. एवढे तास पदरचे पैसे घालून कोण उडणार? म्हणून तिथली पोरं दुसऱ्याला शिकवत तास भरतात आणि मग लहान शहरांच्या एअरलाइनकडे जातात.

आपल्याकडे तसं नाही. डीजीसीएचं कमर्शियल लायसन २०० तासांवर मिळतं. सहवैमानिकाला १,५०० तास लागत नाहीत, ते पुढे एटीपीएल काढून कॅप्टन होताना लागतात. खरी अडचण वेगळीच आहे. लायसनला पन्नास लाखांच्या वर जातात, त्यावर एकेका जातीच्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं. एअरबस ३२० चं रेटिंग स्वतःच्या खिशातून केलं आणि बोलावणं आलं एटीआरवाल्या कंपनीचं, तर ते रेटिंग तिथे चालत नाही. जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्गला जाणाऱ्या फ्लाय९१ ची विमानं एटीआरच आहेत. बरीच घरं फसतात ती इथेच. नोकरीचं पत्र हातात नसताना रेटिंगला पैसे घालणं म्हणजे पाऊस बघितल्याशिवाय पेरणी.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि कंपनीचं नियोजन कोलमडलं. तेव्हा सगळे म्हणाले, पायलट कमी आहेत. पण कमतरता असते ती अनुभवी माणसांची. २०० तासवाल्याची रांग त्याने लगेच हलत नाही.

मग इन्स्ट्रक्टरचं काम वाया का? मुळीच नाही. आधी असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग काढायचं, सीनियरच्या देखरेखीखाली शिकवायचं. गोंदिया, बारामती, धुळे अशा ठिकाणी राहायचं. उन्हाळ्यात दुपारी विमान हिंदकळतं, पावसाळ्यात दिवसच्या दिवस उड्डाण नाही. पगार एअरलाइनच्या मानाने बेताचा. पण हात सुटत नाही, तास वाढतात, घरून पैसे मागावे लागत नाहीत. मात्र हे तास बहुतेक लहान, एक इंजिनाच्या विमानाचे असतात. एअरलाइनची परीक्षा, सिम्युलेटर, मुलाखत चुकत नाही.

फी भरायच्या आधी डीजीसीएच्या डॉक्टरकडून क्लास टू आणि पाठोपाठ क्लास वन मेडिकल करून घ्यावं. डोळ्यात किंवा कानात दोष निघाला, तर तो पहिल्या हप्त्याआधी कळलेला बरा.