बेल्टला शिव्या देऊ नका!

मिनेसोटात ऑनसाईट आलेल्या आपल्या मंडळींचं ठरलेलं रडगाणं: "स्नोमोबिलचा बेल्टच भिकार!" अहो, बेल्ट काय करणार? मशीन खोल बर्फात रुतलंय, ट्रॅक हलत नाही आणि तुमचा अंगठा थ्रॉटलवर दाबलेलाच. क्लचची पुली फिरत राहते, बेल्ट तिच्यावर घसरतो, तापतो, जळतो. नवा बेल्ट टाकून पुन्हा हेच करणं म्हणजे कोड न सुधारता सर्व्हर वाढवणं! इंजिन बंद करून खाली उतरा. पुढचा बर्फ तुडवा, मागची बाजू उचलून मोकळी करा, मगच निघा. जळका वास आला की थांबा. हवेच्या जाळ्यांवरचा बर्फ झाडा, क्लच गार होऊ द्या. उणे २० अंशांत, जंगलात बेल्ट तुटला तर फुशारकीची ऊब मिळत नाही, राव!