तोंडाला कोरड, तळहाताला घाम

चोर सापडेना की पूर्वी तांदूळ मागवले जात. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या परीक्षेला ‘तंडुलदिव्य’ म्हटलं आहे आणि ती चोरीच्या आरोपासाठी सांगितली आहे. संशयितानं तांदूळ चावायचे आणि पानावर थुंकायचे. थुंकीत रक्त दिसलं किंवा अंग थरथरलं, की तो दोषी. यात दैवी काही असो वा नसो, शरीराची चांगली जाण मात्र आहे. माणूस घाबरला की लाळ आटते आणि कोरड्या तोंडात कच्चे तांदूळ चावले तर हिरड्या सोलवटू शकतात.

पंचाईत अशी, की चोराइतकाच निरपराधही घाबरतो. सगळं गाव टक लावून बघत असताना तर कदाचित जास्तच. कोरड पडलेलं तोंड माणूस घाबरलाय एवढं सांगतं, का घाबरलाय ते सांगत नाही. आजच्या पॉलीग्राफचीही तीच गत. श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम एवढंच ते यंत्र टिपतं. खोटेपणा मोजणारी सुई त्यात नसते. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सेल्वी खटल्यात संमतीशिवाय अशी चाचणी घ्यायला मनाई केली, ती व्यक्तिस्वातंत्र्याच्या आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काच्या मुद्द्यावर.

घरोघरी मात्र हे दिव्य रोज चालतं आणि निकाल बहुतेक वेळा भलताच लागतो. पोट बिघडलं, तर दोष कालच्या मिसळीचा. मान धरली, तर उशीचा. छातीत धडधडलं, की थेट हार्ट अटॅकच. मार्चअखेरीस बँकेच्या शाखेत बसणाऱ्याला किंवा निकालाची वाट पाहत सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या एमपीएससीच्या उमेदवाराला विचारलं, तर ‘टेन्शन वगैरे काही नाही, फक्त ॲसिडिटी आहे’ हे उत्तर ठरलेलं.

पोट आणि भीती यांचा संबंध क्ष-किरणांच्या पडद्यावर डोळ्यांनी पाहिला तो हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या वैद्यकीय विद्यार्थ्यानं. क्ष-किरणांचा शोध नोव्हेंबर 1895 मधला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच कॅनन मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न भरवून त्यांच्या जठराची हालचाल पडद्यावर न्याहाळत होता. जठराच्या भिंतींवरून लाटा एका लयीत सरकताना दिसायच्या. पण मांजर बिथरलं, सुटायला धडपडू लागलं, की लाटा थांबायच्या. त्याला चुचकारून शांत केलं की पुन्हा सुरू व्हायच्या. बोके लवकर बिथरत, मांजरी त्या मानानं सोशिक, हेही त्यानं टिपून ठेवलं. पचनाचा अभ्यास करायला बसलेला हा माणूस त्यातून भीतीच्या अभ्यासाकडे वळला. ‘लढा किंवा पळा’ ही आज सर्वतोमुखी झालेली कल्पना त्याचीच. भीती, राग, भूक आणि वेदना यांवरचं त्याचं पुस्तक 1915 मध्ये आलं.

संकट दिसताच शरीर कामांचा क्रम बदलतं, हे त्याचं सांगणं. ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय वेग घेतं, स्नायू ताठ होतात. पचन, लाळ ही कामं थांबू शकतात म्हणून थांबवली जातात. त्वचेकडचं रक्त आत वळतं, म्हणून हातपाय गार पडतात. तळहात आणि तळपाय यांना मात्र घाम सुटतो, मग बाहेर डिसेंबरची थंडी का असेना. या सगळ्यात विचारांची परवानगी कुणी घेत नाही. 1969 मध्ये नील आर्मस्ट्राँगचं यान चंद्रावर टेकलं, तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा संथ होता. ठोके मात्र मिनिटाला 150 च्या आसपास पोचले होते.

हे झालं तातडीचं. समोर वाघ नसून गृहकर्जाचा हप्ता असतो, तेव्हा हीच यंत्रणा मंद आचेवर महिनोन्‌महिने चालू राहते. तिच्या खुणा इतक्या किरकोळ असतात, की त्या आधी भलत्याच डॉक्टरकडे पोचतात.

दंतवैद्याकडे, उदाहरणार्थ. जबडा सैल असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. हे वाचताना ज्यांचे दात घट्ट मिटलेले आहेत, त्यांनी ते तपासून पाहायला हरकत नाही. रात्री दात खाणारं मूल दिसलं की आपल्याकडे जंतांचं औषध काढलं जातं. मोठ्या माणसानं दात खाल्ले तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सकाळी दुखणारी कानशिलं आणि झिजलेल्या दाढा एवढाच पुरावा मागे उरतो. कोविडच्या दुसऱ्या वर्षी अमेरिकन डेंटल असोसिएशननं दंतवैद्यांना विचारलं, तेव्हा 70 टक्क्यांहून अधिक जणांनी दात खाणारे रुग्ण वाढल्याचं सांगितलं. केसांचं गणित आणखी चकवणारं. मोठ्या ताणानंतर केस गळू लागतात ते दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे माणूस ‘आता सगळं ठीक आहे’ म्हणू लागल्यावर. दोष मग शाम्पूला.

आणि हे मनाचे खेळ नव्हेत. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर एकाच मापाची बारीक जखम दोनदा केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. माणसं तीच, जखम तेवढीच. तरी परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. हा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. लहान आहे, पण ‘टेन्शननं काय होतंय!’ म्हणणाऱ्या काकांसमोर ठेवायला पुरेसा.

तपासण्या मात्र अनेकदा कोऱ्या येतात. अमेरिकी यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या जेकब दा कोस्टा या डॉक्टरासमोर सैनिकांची रांग लागली होती. छातीत धडधड, धाप, छातीत दुखणं ही त्यांची तक्रार, पण हृदयात दोष सापडेना. 1871 मध्ये त्यानं या रुग्णांबद्दल लिहिलं आणि दुखण्याला ‘चिडखोर हृदय’ असं नाव दिलं. ते सैनिक ढोंगी आहेत असं त्यानं मानलं नाही, हे त्याचं मोठेपण. आज ईसीजी, टूडी इको, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल आलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि ‘काही झालेलं नाही तुला’ असं म्हणून विषय संपवतात. ज्याची छाती धडधडते त्याची ती धडधडतेच आहे. फक्त आता तक्रार करायचीही चोरी.

याच टप्प्यावर खरी गुंतागुंत होते. माणूस स्वतःच्या ठोक्यांवर पहारा बसवतो. ठोका वाढला की घाबरतो, घाबरला की भराभर श्वास घेतो. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. या मुंग्या म्हणजे अर्धांगवायूच, असं त्याला वाटतं आणि घबराट दुप्पट होते. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये पॅनिक अटॅकची मांडणी अशीच केली: शरीरातल्या साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावणं हेच त्या चक्राचं मूळ. अशा वेळी ‘दीर्घ श्वास घे’ हा ठरीव सल्लाही उलटू शकतो, कारण घाबरलेला माणूस दीर्घ श्वासही भराभर घेतो. श्वास सोडण्याचा वेळ लांबवणं जास्त उपयोगी.

खुणा ओळखणं म्हणजे त्यांच्यावर डोळे वटारून बसणं नव्हे, आणि प्रत्येक खुणेवर ‘टेन्शन’ असा शिक्का मारणंही नव्हे. ही दुसरी चूक बायकांच्या वाट्याला फार येते. धडधड, थरथर, घाम, उडालेली झोप हे अतिक्रियाशील थायरॉइडचंही चित्र आहे. हिमोग्लोबिन उतरलं तरी छाती धडधडते. दिवसातला सहावा कडक चहाही तेच करतो. हृदयविकाराच्या झटक्यात बायकांना आणि मधुमेहींना छातीत न दुखता नुसता दम, मळमळ, थकवा जाणवू शकतो. तेव्हा छातीवर दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम असं काही असेल तर मानसशास्त्र बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.

तपासण्या झाल्या, त्या नॉर्मल आल्या आणि खुणा तशाच राहिल्या, तर तारखा कामाला येतात. पोट रविवारी संध्याकाळीच का बिघडतं, मान कुणाच्या फोननंतर धरते, पहाटे तीनला जाग कधीपासून येते, हे कागदावर लिहून नेलं तर फॅमिली डॉक्टरला चार गोळ्यांपलीकडे काही विचारता येतं. झोप, भूक, काम यांवर परिणाम होऊ लागला असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. तिथवर जायला पाय उचलत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली; 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. ‘मला चिंता वाटते’ हे वाक्य पहिल्या मिनिटाला जमलं नाही तरी अडत नाही. सुरुवात पोटापासून केली तरी चालते.