आधी मसुरी, मग केदारकंठ

फराळाचे डबे तळाला लागले की मध्यमवर्गीय घरांत मे महिन्याच्या सुटीचा विषय निघतो. आमच्या दिंडोशीत हल्ली तो महाबळेश्वर-माथेरान ओलांडून थेट हिमालयावर जातो. चिरंजीवांना शिखर हवे, कन्येला बर्फ हवे, वडिलांना खर्चाचा आकडा हवा, आणि आई म्हणते, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." या चौघांनाही नेणारा बेत कसा आखावा, हा आजच्या सदराचा विषय.

प्रथम शिखर. उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यातले केदारकंठ पहिल्या खेपेला बरे. उंची सुमारे १२,५०० फूट. धडधाकट माणसास ते पायी चढता येते. पण 'सोपे' या शब्दावर फार विसंबू नये. आपले कळसूबाई ५,४०० फूट. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी वर सतराशे फूट उरतातच!

शिवाय प्रश्न नुसत्या चढाचा नाही, हवेचा आहे. तितक्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. मेट्रोचे जिने चढून, रविवारी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत चालून पाय तयार होतील, दमही वाढेल. विरळ हवेची सवय मात्र मुंबईत होत नाही. ती तिथेच, हळूहळू करावी लागते.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे : थंड हवेचे गाव आधी पाहावे, शिखर नंतर. बहुतेक मंडळी उलट करतात. देहरादूनहून मसुरी अवघी ३५ किलोमीटर. उंची साडेसहा हजार फूट. तिथे दोन रात्री काढाव्यात. लंढौरच्या देवदारांतून सावकाश हिंडावे. हाथीपावला जॉर्ज एव्हरेस्टचे घर आहे. १८३२ साली त्याने ते घेतले होते. शिखराची उंची राधानाथ सिकदरांनी गणिताने काढली आणि १८६५ साली नाव मात्र या साहेबाचे लागले, ही हकिकत मुलांना तिथेच सांगावी. गाव पाहून होते आणि शरीर नकळत तयार होते.

मसुरीहून यमुनेचे खोरे, पुरोला, मोरी असे करीत सांकरी गाठावी. घाटरस्त्याला सारा दिवस लागतो. हा भाग संरक्षित वनाचा असल्याने परवाना लागतो. गावचा वाटाड्याही घ्यावा. दहा हजार फुटांवर गेल्यावर रोजचा मुक्काम दीड हजार फुटांहून अधिक उंच नेऊ नये. यासाठी एखादी रात्र वाढली तर वाढू द्यावी. खर्चाच्या आकड्यात ती आधीच धरून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी वडिलांचा जीव खालीवर होणार नाही.

डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही विरळ हवेची पहिली चिन्हे. ती दिसल्यास वर जाऊ नये. वाढल्यास खाली यावे. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता ताबडतोब उतरवावे. यात हयगय झाली तर माणूस जातो. रक्तदाब, हृदय, दमा यांची तक्रार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट घरीच ठरवावी. ज्याला त्रास होईल त्याने लपवायचे नाही, आणि त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार ते आधीच नक्की करायचे. पैसे भरले, रजा घेतली, शेजाऱ्यांना सांगून झाले, या तीन कारणांनी आपली माणसे आजार दडवतात.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. म्हणजे मेच्या प्रवासाची घाई मार्चमध्ये, ऐन परीक्षेत. ते काम वडिलांनी उचलावे. बूट मात्र आत्ताच घ्यावेत. नवे बूट डोंगरात पायांचे सालटे काढतात.

आणि आई? रोज दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढणारी बाई या घरात सर्वांत तयार गडी आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. घराला कुलूप लावता येते. तेव्हा यंदा भाऊबीजेला मामांनी साडीऐवजी चांगले बूट ओवाळणीत घालावेत. सहा महिन्यांत ते पायाला छान बसतील.