बरं वाटतंय, म्हणून गोळी बंद?

डोंबिवलीचा पंचविशीतला एक मुलगा नुकताच पुन्हा आमच्या ओपीडीत आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) या वेळी त्याला दोघांनी धरून आणले होते. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, मोबाइलमधून कोणीतरी आपले विचार वाचते, असे तो दोन वर्षांपूर्वी म्हणू लागला, तेव्हा आईने बाबा-बुवांत वेळ न घालवता महिन्याभरात त्याला आणले होते. औषध लागू पडले, भास थांबले, सकाळची लोकल पुन्हा सुरू झाली. मग स्थळ सांगून आले. घरात गोळ्यांचे पाकीट दिसायला नको, म्हणून गोळ्या बंद झाल्या. तीन महिने काहीच बिघडले नाही. तिथेच घर फसले.

सायकोसिसमध्ये उपचार लवकर सुरू करा, हे आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आलो. लोकांनी ते थोडेफार ऐकलेही. लवकर थांबवू नका, हे सांगण्यात मात्र आम्ही कमी पडलो. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत सुमारे 82 टक्के जणांचा आजार किमान एकदा उलटला आणि औषध सोडणाऱ्यांत हा धोका जवळजवळ पाचपट होता. गोळी बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी आजार उलटत नाही. आठवडे, कधी महिने जातात. त्यामुळे गोळी आणि आजार यांचा संबंध घरच्यांना दिसतच नाही. आधी झोप उडते, मग जेवण एकट्याने, मग जुना संशय.

औषध जन्मभर त्याच डोसमध्ये घ्या, असे मी म्हणत नाही. पहिल्या झटक्यानंतर, बरे वाटू लागल्यापासून किमान एक-दोन वर्षे ते चालू ठेवावे. पुढे कमी करायचे तर डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू. काहींचा आजार गोळ्या नियमित घेऊनही उलटतो, त्यांना दोष देऊ नये. आणि गोळ्या सोडणारा प्रत्येक जण हट्टी नसतो. सुस्ती येते, वजन वाढते, लैंगिक इच्छा कमी होते. आईसमोर तो हे बोलणार नाही आणि गर्दीच्या ओपीडीत आम्ही त्याला एकट्याला विचारत नाही. औषध बदलता येते, काहींना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन देता येते. पण त्यासाठी आधी कळायला हवे.

दुसरा प्रश्न अंतराचा. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासूनचे. तेव्हाचे टिटवाळा-बदलापूर आज ओळखू येणार नाही. तिथल्या रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याच्या गोळ्यांसाठी ठाणे गाठायचे म्हणजे एक खाडा, सोबत येणाऱ्याचा दुसरा. यादीतील आवश्यक मानसिक औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सदैव मोफत मिळावीत, असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. माझ्या मते त्याच्याही खाली उतरायला हवे. मधुमेहाची गोळी घराजवळच्या पालिका दवाखान्यात मिळावी असे आपल्याला वाटते, तशी हीही मिळावी. झोप उडालेली दिसली आणि डॉक्टर लगेच भेटत नसतील, तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

मुलगा आता सावरतो आहे. आईने निघताना विचारले, ‘‘डॉक्टर, मुलीकडच्यांना काय सांगू?’’ खरे तेच सांगा, म्हटले. गोळी चालू असते तेव्हा तो कामावर जातो, हेही सांगा. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग केसपेपर नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि पुढची तारीख विचारली.