मदतीचा ट्रक आणि हक्काचा रस्ता

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची ती वाडी झोपेतच गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. त्या चार दिवसांत मराठी वृत्तवाहिन्यांवर दुसरा विषय फारसा नव्हता. पेणमधून, रोह्यातून, साऱ्या रायगडातून तांदूळ, चादरी, भांडीकुंडी घेऊन टेम्पो निघाले. या मदतीला आम्ही नावे ठेवत नाही. उपाशी माणसाच्या तोंडी घास घालणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हा पाझर फुटण्यासाठी ८४ माणसे मातीखाली जावी लागतात काय?

त्या चार दिवसांत वार्ताहर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते. वाडीपर्यंत रस्ता नाही, त्यामुळे जेसीबी वर जाऊ शकत नाही. पण रस्ता नसणे ही काही त्या रात्री घडलेली घटना नव्हती. तो पिढ्यानपिढ्या नव्हता. रस्त्यावाचून माणसे एकेकटी मरत होती, तोवर ती बातमी ठरली नाही. एकदम मेली तेव्हा ठरली. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. म्हणजे वाडी सरकारच्या यादीत नव्हती आणि वृत्तपत्रांच्या पानावरही नव्हती. ती दोन्हीकडे आली ती मेल्यानंतर.

खालापूर तालुका पेणला लागून आहे. तरीही इर्शाळवाडी आम्हा पेणकरांना कळली ती टीव्हीच्या पडद्यावरून. पेण आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरभागात आजही अशा कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत, जिथून बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते. त्या बाजारपेठेपासून काही कोसांवर आहेत. युक्रेन आणि गाझा हजारो कोसांवर आहेत. पण मोबाईलमध्ये गाझा रोज दिसते, झोळी वर्षातून एखाद्या वेळी आतल्या पानावर दोन ओळींत येते. तेव्हा दुःख जवळचे की दूरचे हे अंतरावरून ठरत नाही. कॅमेरा कुठे उभा आहे, यावरून ते ठरते. गाझातील मुलासाठी जीव तुटतो तो तुटलाच पाहिजे. वाडीतल्या मुलासाठी तो का तुटत नाही, हे मात्र विचारले पाहिजे.

कॅमेरा कुठे उभा राहणार हे कोण ठरवते? जुलै २००५ ची आठवण काढू या. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. साऱ्या देशाने बुडालेल्या मोटारी पाहिल्या. त्याच पावसात आमच्या महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्या गावांची नावे आज महाराष्ट्रात किती जणांना सांगता येतील? मुंबईचे दुःख खोटे नव्हते. परंतु ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यापैकीच काही जण वृत्तपत्रे आणि वाहिन्या चालवतात, त्यामुळे त्यांचा पाऊस राष्ट्रीय झाला आणि महाडचा पाऊस स्थानिक राहिला. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री या संस्थांनी देशातील माध्यमांची पाहणी केली. प्रमुख पदांवरील १२१ जणांपैकी १०६ जण सवर्ण निघाले. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता. ज्या टेबलावर बातमी निवडली जाते तिथे वाडी-वस्तीतून आलेला माणूस नसेल, तर वाडी-वस्तीचे दुःख त्या टेबलापर्यंत पोहोचणार कसे?

आणि पोहोचले तरी कोणत्या रूपात पोहोचते, हा पुढचा प्रश्न आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीने इथिओपियातील दुष्काळाची दृश्ये दाखवली. जग हळहळले. १३ जुलै १९८५ रोजी लाइव्ह एडचा प्रचंड गाण्यांचा कार्यक्रम झाला, कोट्यवधींचा निधी जमला. त्यातून अनेक जीव वाचले असतील. पण पडद्यावर प्रामुख्याने कोरडी जमीन आणि हाडांचे सापळे दिसले. तिथल्या राजवटीचे युद्ध आणि सक्तीचे स्थलांतर यांनी ती भूक किती वाढवली, हे मागे राहिले. दोष पावसाचा ठरला की जबाबदार माणसे सुटतात, हा त्याचा धडा आहे.

आपल्या देशात तर या निसर्गाच्या मागे जात लपते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिनम भागात मदत छावण्यांत दलितांना वेगळे काढले गेले, मदतीत डावलले गेले आणि कुजलेली प्रेते उचलायला मात्र सफाई कामगार म्हणून त्यांनाच आणले गेले. मानवी हक्क संघटनांनी याची नोंद करून ठेवली आहे. वाहिन्यांनी लाट दाखवली. रांगेत कोणाला उभे राहू दिले नाही, हे दाखवायला फारसे कोणी थांबले नाही. लाट जात पाहत नाही, पण लाटेनंतरचा तांदूळ वाटणारा पाहतो.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. जिथे लोकशाही आणि मुक्त वृत्तपत्रे आहेत तिथे मोठा दुष्काळ पडू दिला जात नाही, कारण बोभाटा होतो. पण तीच वृत्तपत्रे रोजच्या अर्धपोटी भुकेबद्दल गप्प राहू शकतात. पेण-रोह्यात याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, काही थेट कर्नाटकापर्यंत. पोरांची शाळा सुटते. पावसाच्या तोंडावर परत येतात तेव्हा हिशेबात उचल फिटलेली नसते. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तिथे स्फोट झाला तर कॅमेरे येतात. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात आमची कुंडलिका होती, ही गोष्ट किती जणांच्या घरी पोहोचली? संथपणे होणाऱ्या मरणाचे चित्र काढता येत नाही, म्हणून त्याची करुणाही येत नाही.

चळवळीच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक जमले होते. एवढ्या जवळ असूनही खैरलांजीचे सत्य त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. काही वृत्तपत्रांनी तर अनैतिक संबंधांची कुजबुज बातमी म्हणून छापली. कार्यकर्ते गावात गेले, सत्यशोधन अहवाल निघाले, हातोहात छायाचित्रे फिरली, आणि नोव्हेंबरमध्ये समाज रस्त्यावर आला. त्यानंतरच तपास सीबीआयकडे गेला. पुढे न्यायालयाने या खटल्यात ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही, ही जखम वेगळी. पण एक फरक लक्षात घ्या. तिथे लोकांनी भोतमांगेंसाठी कपडे गोळा केले नाहीत. त्यांनी विचारले, हे कोणी केले आणि कोणी होऊ दिले? करुणेला कारण कळले की तिचा मोर्चा होतो. कारण लपवले की तिची वर्गणी होते.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला केसरीने नकार दिला होता. २० मार्च १९२७ ला याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडचा सत्याग्रह झाला आणि दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, बहिष्कृत भारत सुरू झाले. आपले दुःख दुसऱ्याच्या लेखणीवर सोडले तर तो त्याची दया करील किंवा निंदा करील, त्याचे कारण सांगणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

वकिलीच्या व्यवसायात आम्ही पाहतो की, बातमी फायलीत गेली तरच तिला दात फुटतात. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची हकिकत वर्तमानपत्रात आली. ॲड. कपिला हिंगोरानी यांनी ती घेऊन सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि हुसैनारा खातून खटल्यातून हजारो कैदी सुटले. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्याची सुरुवात तर एका पत्राने झाली. सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटी आहे असे गृहीत धरावे, तसे नाही हे मालकाने किंवा सरकारने सिद्ध करावे, असा दंडक त्यातून मिळाला. वीटभट्टीवरच्या कातकऱ्याला आजही तो उपयोगी आहे.

म्हणून पेण-रोह्यातील विहार समित्या, महिला मंडळे आणि युवक मंडळे यांना आमचे सांगणे आहे. पुढच्या पावसाळ्यात टेम्पो जरूर भरा. पण त्याआधी चार कामे करा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याच्या आराखड्यात धोक्याची ठिकाणे नोंदवावी लागतात. माहितीच्या अधिकारात ती यादी मागवा आणि आपल्या तालुक्यातील कोणती वाडी त्यात नाही ते पाहा. वाडीच्या रस्त्याला वनखात्याची हरकत आहे असे सांगितले जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) दाखवा. ग्रामसभेच्या शिफारशीने रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असावी लागते. ती शेवटची कधी बसली ते लेखी विचारा. आणि जे कळेल ते या पानावर लिहा, वाडीच्या नावानिशी, तारखेनिशी, जबाबदार अधिकाऱ्याच्या पदानिशी.

तथागतांनी दुःख आहे एवढे सांगून विषय संपवला नाही. दुःखाला कारण आहे, हे लगेच सांगितले. बाबासाहेबांनी धम्मात करुणेच्या शेजारी प्रज्ञा बसवली ती याचसाठी. प्रज्ञेवाचून करुणा ही टीव्ही बंद होताच विझते. मेलेल्यांच्या वाडीवर पोहोचणारा ट्रक चांगलाच, पण जिवंत माणसांच्या वाडीपर्यंत जाणारा रस्ता त्याहून चांगला. तो दयेने मिळत नसतो. तो मागून, भांडून घ्यावा लागतो.