कबूल केला बोगदा, खणला चर

मंडळाच्या मागच्या बैठकीत पाइपलाइनचा विषय निघाला तेव्हा एका सभासदांनी कॅनडाचा दाखला दिला. तिथे म्हणे सगळे नियमाने चालते, आपल्याकडेच लोक उगीच आडवे येतात. तो दाखला तपासून पाहिला. उलटाच निघाला.

ट्रान्स माउंटन ही एडमंटनपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतची १९५३ ची तेलवाहिनी. तिच्या विस्ताराचा खर्च २०१३ साली ५४० कोटी डॉलर सांगितला होता. २०१८ मध्ये खाजगी मालकाने अंग काढून घेतले आणि सरकारने ती ४५० कोटींना विकत घेतली. मे २०२४ मध्ये तेल वाहू लागेपर्यंत खर्च ३,४०० कोटींवर गेला होता. आमच्या बँकेत असा अंदाज घेऊन कोणी कर्ज मागायला आला असता तर मॅनेजरने त्याला चहासुद्धा विचारला नसता!

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट पिप्सेलची. कॅमलूप्स शहराजवळचे हे तळे सेक्वेपेम आदिवासींचे पवित्र स्थान. तिथे जमीन न उकरता खालून छोटा बोगदा नेऊ, असे ठरले होते. पुढे कंपनी म्हणाली, बोगदा जमत नाही, काम महिनोन्‌महिने लांबेल. त्याऐवजी आडवे ड्रिलिंग करू आणि उरलेल्या भागात उघडा चर खणू. आडव्या ड्रिलिंगमध्ये एका टोकाने तिरपे भोक पाडतात, ते दुसऱ्या टोकाला बाहेर काढून रुंद करतात आणि त्यातून पाइप ओढून घेतात. मधली जमीन वाचते, पण दोन्ही टोकांना यंत्रांसाठी मैदान करावेच लागते. आदिवासींनी विरोध केला. सप्टेंबर २०२३ मध्ये नियामक मंडळाने कंपनीला मंजुरी दिली. कंपनी सरकारची, मंडळ सरकारने नेमलेले. दाद मागायची कोणाकडे?

खडक खरोखर कठीण असतो, हे मान्य. होप आणि चिलीवॅकच्या दरम्यान २.३ किलोमीटरच्या ड्रिलिंगमध्ये कंपनी अशीच अडकली आणि ३६ इंचांऐवजी ३० इंची पाइप टाकू द्या म्हणाली. डिसेंबर २०२३ मध्ये मंडळाने नकार दिला, जानेवारीत होकार. खडक तोच होता. कर्ज मंजूर झाल्यावर तारण बदलायला खातेदार आला तर आपण हाकलतो. इथे मात्र अडचण कंपनीची आणि सवलतही तिलाच.

आता आपले पाहू. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आहे, आणि पाद्रा-सावलीकडे ज्यांचे चार विघे अजून शिल्लक आहेत अशी घरे आपल्यात कमी नाहीत. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने जमीन नावावर राहते, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. पिकाचे नुकसान वेगळे धरतात. या कायमच्या बंधनाचा मोबदला मात्र बाजारभावाच्या दहा टक्के. हरकतीला मुदत अधिसूचनेपासून एकवीस दिवस. आपल्यातले निम्मे लोक राजपत्र बघतच नाहीत, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या भावाची सही आणण्यातच पंधरवडा जातो.

कार्यकारिणीने हरकतीचा नमुना छापून घरोघर द्यावा. पाइप आडव्या ड्रिलिंगने जाणार की चर खणून, कोणत्या गट नंबरात, आणि पद्धत बदलली तर पुन्हा विचारणार की नाही, हे त्यात लेखी मागावे. तोंडी आश्वासनावर कोणीही सही करू नये, साहेब कितीही गोड बोलले तरी.