गोटा टायरची काटकसर

समृद्धी महामार्गावर अपघात वाढले तेव्हा, २०२३मध्ये, आरटीओच्या पथकांनी गोटा झालेल्या टायरच्या गाड्या प्रवेशाच्या नाक्यावरूनच माघारी पाठवल्या. चालक चिडले, पण कारवाई योग्यच होती. १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेल्या तापल्या काँक्रीटवर जुना टायर कधी दगा देईल, सांगता येत नाही.

मात्र महिन्याच्या हप्त्यात अडकलेल्या घराला ‘चारही टायर बदला’ हा दुकानदाराचा सल्ला परवडत नाही. त्याची दरवेळी गरजही नसते. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याची किमान मर्यादा १.६. खाचेच्या तळाशी असलेले रबराचे छोटे उंचवटे झिजलेल्या भागाच्या पातळीला आले, की ती मर्यादा गाठली. पण कोकणात पावसाळाभर गाडी चालवणाऱ्याने तिथवर थांबू नये. उथळ खाचांतून पाणी बाहेर पडत नाही, चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक निकामी ठरतो. ३ मिलिमीटरला पैशांची जुळवाजुळव सुरू करावी, तीही जूनच्या आधी.

दोनच घेता येत असतील, तर नवी जोडी मागे बसवावी. बहुतेक जण ती पुढे बसवायला सांगतात. पण ओल्या वळणावर मागची चाके घसरली, की गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे मुरलेल्या चालकालाही जड जाते.

बगलेला फुगा आला असेल किंवा तारा दिसत असतील, तर पगाराची वाट पाहू नये. स्वस्तातला जुना टायर घेताना बगलेवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर खाच शाबूत असली तरी नाकारावा.